फोटोंची रांग

"अकरा बटणं," शेपूट मोजून म्हणाली. "आणि हे वर कोपऱ्यात काय काढलंयस? मेलेला कोळी?"

"ते सेटिंगचं चक्र आहे," ढापण्या म्हणाला आणि त्याने कागद स्वतःकडे ओढून घेतला. "तुला नाही कळायचं."

"मला नाही कळलं तर बाकीच्यांना काय डोंबल कळणार? मी तर हुशार आहे."

हा वाद मामाच्या फोटो स्टुडिओत, काउंटरच्या मागच्या बाकावर रंगला होता. सुट्टी लागली की ही दोघं भावंडं मामाकडे राहायला यायची. तेरा वर्षांच्या भावाच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता, म्हणून तो ढापण्या. नऊ वर्षांची बहीण तो जाईल तिथे मागोमाग हजर असायची, म्हणून ती शेपूट. हे नाव तिने एका अटीवर मान्य केलं होतं. "तू घरी थांब" असं तिला कोणी कधीच म्हणायचं नाही.

कागदावर होतं एक ॲप. त्याचं कारण रविवारचा मेळावा. बारा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या घड्याळांच्या कारखान्यातले जुने कामगार समोरच्या सभागृहात जमले होते. साठ माणसं, साठ फोन, आणि अधिकृत फोटोग्राफर म्हणून मामा. सगळ्यांनी सगळ्यांचे फोटो काढले आणि ते घेऊन सगळे आपापल्या घरी गेले. तेव्हापासून मामाचा फोन थांबायला तयार नव्हता. माझा हसतानाचा फोटो कोणाकडे आहे? माझा डोळे मिटलेला पुसून टाकाल का? आमच्या विभागाचा एकत्र फोटो कोणी काढला होता? मामा रडकुंडीला आला होता. म्हणून ढापण्याने ठरवलं होतं की एका कार्यक्रमाचे सगळे फोटो एकाच जागी जमतील असं काहीतरी करायचं.

"ॲपमध्ये सगळ्या सोयी हव्यात," तो सांगत होता, तेवढ्यात भिंगरी आत आली.

भिंगरी म्हणजे सभागृहाच्या रखवालदारांची मुलगी, ढापण्याच्याच वयाची. आईवडिलांबरोबर ती सभागृहाच्या मागच्या दोन खोल्यांमध्ये राहायची. तिचा पाय एका जागी ठरत नसे, पण आज ती दारातच उभी राहिली.

"आम्हाला घर सोडावं लागणार आहे," ती म्हणाली. "शनिवारी बैठक आहे. बाबांना कामावरून काढणार."

ढापण्याच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"पण का?" शेपटीने विचारलं.

भिंगरीने सांगितलं ते असं. कारखान्यात बनलेलं पहिलं मनगटी घड्याळ सभागृहाच्या बाजूच्या खोलीत, काचेच्या कपाटात, एका डबीत ठेवलेलं असायचं. निळी तबकडी, तपकिरी पट्टा. मेळाव्यानंतर तीन दिवसांनी, म्हणजे काल, सभागृह सांभाळणाऱ्या कामगार मंडळाच्या सेक्रेटरीकाकांनी डबी उघडली तर ती रिकामी.

"बाबा त्यांना म्हणाले, मी रविवारी सकाळी नऊ वाजता काच आतून पुसली, तुम्हीच चावी दिली होती, नंतर मी त्या खोलीत गेलोच नाही. साडेदहापासून बारापर्यंत मी फाटकाशी होतो. पण एक फोटो आहे. बाबा उघड्या कपाटासमोर उभे आहेत. आणि फोटोची वेळ अकरा वाजून पाच मिनिटं."

"कोणी काढलेला फोटो?" ढापण्याने विचारलं.

भिंगरीने काउंटरच्या पलीकडे पाहिलं. तिथे मामा लेन्स पुसत होता, आणि ती लेन्स केव्हाच स्वच्छ झालेली होती.

"सेक्रेटरी काल इथे आले होते," मामा मान वर न करता म्हणाला. "बाजूच्या खोलीतले फोटो दाखवा म्हणाले. मी दाखवले. कॉम्प्युटरवर वेळ येते, त्याला मी काय करू? कॅमेरा खोटं बोलत नाही."

"माझे बाबाही बोलत नाहीत, काका," भिंगरी म्हणाली.

मामाने लेन्स पुन्हा पुसायला घेतली.

ढापण्याने आपला कागद उचलला. "मामा, साठ जणांकडे फोन होते. कोणाच्या ना कोणाच्या फोटोत अकरा वाजता भिंगरीचे बाबा फाटकाशी दिसतीलच. नाहीतर घड्याळ दिसेल. सगळे फोटो शनिवारच्या आत एका जागी आले पाहिजेत."

"आज गुरुवार आहे," शेपूट म्हणाली.

"म्हणूनच उठ."

मामी स्टुडिओतलं कॉम्प्युटरचं सगळं काम बघायची. तिने तिघांचं म्हणणं ऐकलं, कागदावरच्या अकरा बटणांवर एक नजर टाकली आणि हसू दाबलं. "फोनवर एक लिंक पाठवली की उघडेल असं करून देते. नमुना दुपारपर्यंत होईल. पण आधी कोणावर तरी वापरून बघा. माझ्यावर नको. मला यातलं कळतं."

ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाचा शोध लांब करावा लागला नाही. कारखान्याच्या पॉलिश विभागात तीस वर्षं काम केलेल्या एक आजी पुढच्याच गल्लीत राहायच्या. मेळाव्यात त्या पहिल्या रांगेत होत्या आणि सारखा फोन वर धरून होत्या.

त्यांच्या दारात भिंगरीने दोघांना अडवलं. "एक नियम. आपण काही सांगायचं नाही. फक्त बघायचं. बाबा नवीन कुलपं लावतात तेव्हा असंच करतात. सांगितल्याशिवाय उघडता आलं तरच ते कुलूप सभागृहाला चालतं."

आजींनी चष्मा लावला आणि लिंक दाबली.

"पासवर्ड तयार करा," त्यांनी मोठ्याने वाचलं. "कशाला? तीस वर्षं कारखान्यात गेले, फाटकावर मला कोणी पासवर्ड विचारला नाही."

ढापण्या तोंड उघडणार होता. भिंगरीने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"आता जन्मतारीख विचारतंय. बाळांनो, मला फोटो द्यायचाय का पेन्शन घ्यायचीय?"

कसाबसा फोटो निवडण्यापर्यंत पल्ला गेला. आजींनी बटण दाबलं. काही झाल्यासारखं दिसेना, म्हणून पुन्हा दाबलं, मग आणखी दोनदा. एकच फोटो चार वेळा गेला. मग त्यांनी फोन छातीशी धरला. "आणि हा फोटो माझ्याकडून गेला का कायमचा? तसं असेल तर मला नाही द्यायचा. यात माझी मैत्रीण आहे." असं म्हणून त्यांनी फोन बंद केला आणि त्यावर उशी ठेवली.

शेपूट स्वतःची वेणी चावत बसली होती. सांगायचं नाही हा नियम तिच्यासारखीला म्हणजे शिक्षाच होती.

परतीच्या वाटेवर ढापण्या घुश्शात होता. "त्यांना फोन वापरताच येत नाही."

"फोटो काढता येतात की," भिंगरी म्हणाली. "म्हणजे फोन येतो. तुझं ॲप येत नाही."

हे खरं होतं आणि म्हणूनच ते ऐकायला वाईट होतं. स्टुडिओत आल्यावर ढापण्या बाकावर बसला, लाल पेन घेतलं आणि स्वतःच्या हाताने स्वतःची बटणं खोडायला लागला. पासवर्ड गेला. जन्मतारीख गेली. तारे, फुलं, फोटोला मिशा लावायची सोय, सगळं गेलं. मिशांना तो जरा अडखळला, पण त्याही गेल्या. शेवटी उरली दोन मोठी बटणं. 'फोटो द्या' आणि 'फोटो बघा'.

"फोटो पोचला की कळायला हवं," शेपूट म्हणाली. "नाहीतर आजी चारदा पाठवतील."

म्हणून फोटो पोचला की मोठ्या अक्षरात 'मिळाला, आभारी आहोत' असं यायचं ठरलं. त्याखाली भिंगरीने स्वतः एक वाक्य लिहिलं, 'तुमचा फोटो तुमच्याकडेही राहतोच.'

"आणि बघताना फोटो कसे दिसतील?" मामीने विचारलं. "ज्याने पाठवले त्याच्या नावाने?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "सगळे एकाच रांगेत. ज्या वेळेला काढला त्या क्रमाने. सकाळपासून दुपारपर्यंत. म्हणजे दिवस कसा गेला ते सरळ बघता येईल."

तेव्हा ॲपचं नाव ठेवायचं राहिलंच नाही. सगळे आपोआप त्याला 'रांग' म्हणायला लागले. संध्याकाळी मामीने साठ फोनांवर लिंक पाठवली. आजींनी उशी बाजूला करून फोन घेतला, बटण दाबलं, आलेलं वाक्य वाचलं आणि एका बैठकीत त्रेचाळीस फोटो पाठवले. त्यातल्या नऊ फोटोंमध्ये फक्त त्यांचा अंगठा होता.

शुक्रवारी सकाळी रांगेत तीनशे बारा फोटो होते. मामाने त्यात आपले सगळे फोटो टाकले होते. तिघंही जेवणखाण विसरून बघत होती, आणि दहाच मिनिटांत भिंगरीने बोट ठेवलं. "हे बघा! बसमधून उतरताना कोणीतरी काढलाय. दहा अट्ठावन्न. मागे फाटकाशी कोण आहे?"

फाटकाशी निळ्या सदऱ्यातले रखवालदार होते. पण पाठमोरे, आणि अर्धे खांबाआड.

"एवढ्याने नाही भागणार," ढापण्या म्हणाला. "सात मिनिटांत आत जाता येतं असं म्हणतील."

तेवढ्यात स्टुडिओतला फोन वाजला. सेक्रेटरीकाका होते. त्यांचा आवाज एवढा खणखणीत होता की फोन मामीच्या कानाशी असूनही सगळ्यांना ऐकू येत होता. "अहो, तुमच्या मुलांचं ते ॲप बिघडलेलं आहे. मी थेट माझं भाषण काढलं, तर मध्येच रिकाम्या खुर्च्या. मी बोलत असताना सभागृह रिकामं नव्हतं, लोक उभे होते. पोरखेळ नुसता!"

ढापण्याचा चेहरा पडला. रांगेत खरंच घोळ होता. फीत कापल्यावर सतरंजी घातली जात होती. लोक परत जायला निघालेले असताना मध्येच स्वागत चाललं होतं. तो मामीजवळ बसून तासभर चूक शोधत होता. मामीने सगळं दोनदा तपासलं. "क्रम लावण्यात काही चूक नाही," ती म्हणाली. "फोटोत जी वेळ आहे त्याप्रमाणेच लागलेत."

शेपूट मात्र जमिनीवर पालथी पडून मामीच्या फोनवर रांग वर-खाली करत होती.

"दादा, रिकाम्या खुर्च्या कोणी काढल्या?"

"मामाने."

"सतरंजी?"

"मामाने."

"ते उशिराचं स्वागत?"

ढापण्या एकदम ताठ बसला. चष्मा वर सरकवून त्याने फीत कापण्याचे फोटो शोधले. एकच क्षण होता, कात्री फितीवर, अध्यक्षांचं तोंड उघडं. तो सात जणांनी फोनवर टिपला होता आणि सातही फोटोंत वेळ दहा बत्तीस. मामाच्या कॅमेऱ्यातला तोच क्षण, तीच कात्री, तेच उघडं तोंड. वेळ बारा बावीस.

"एक तास पन्नास मिनिटं पुढे," भिंगरी हळूच म्हणाली. "मग अकरा पाचमधून एक तास पन्नास मिनिटं काढली तर..."

तिघांनी बोटांवर हिशोब केला आणि तिघांचा एकच आला. सव्वानऊ.

"बाबांनी नऊचीच वेळ सांगितली होती," भिंगरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

पण शेपूट भावाकडे बघत होती. ढापण्या खूश दिसत नव्हता. "म्हणजे मामाचा कॅमेरा चुकलाय," तो पुटपुटला. "हे बैठकीत सांगितलं तर मामाला कोण काम देईल?"

मग भिंगरी उठली. "तू सांगू नकोस. पण असं का झालं ते मला बघायचंय. चला सभागृहात."

सभागृह रिकामं होतं. रविवारच्या खुर्च्या भिंतीला एकावर एक रचलेल्या होत्या. मंचाच्या वर मोठं गोल घड्याळ टांगलेलं होतं आणि त्यात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ढापण्याने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. दुपारचे चार वाजायला आले होते.

"हे बंद आहे?"

"हे चालूच नव्हतं कधी," भिंगरी म्हणाली. "हे कारखान्याच्या दुकानात मांडलेलं असायचं. दुकानात घड्याळं ठेवताना काटे दहा-दहावर ठेवतात, छान दिसतात म्हणून. ही सगळी माणसं तिथलीच, त्यांना ठाऊक आहे. मेळाव्यासाठी शनिवारी सभागृहाचं रोजचं घड्याळ उतरवलं आणि त्या जागी हे लावलं."

"आणि मामा इथे दर महिन्याला येतो," ढापण्या म्हणाला. "त्याला तिथे चालू घड्याळ बघायची सवय."

"हो," मागून आवाज आला.

दारात मामा उभा होता. मामीने त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं. तो आत आला आणि रचलेल्या खुर्च्यांपैकी वरच्या खुर्चीवर हात ठेवून उभा राहिला.

"कॅमेऱ्याची आतली बारकी बॅटरी आदल्या रात्री बदलली होती. ती बदलली की कॅमेरा पुन्हा वेळ विचारतो. सकाळी इथे आलो, फोन घरी चार्जिंगला राहिलेला. वर बघितलं तर दहा दहा. मला वाटलं, झाला उशीर! घाईघाईने तीच वेळ लावली आणि घामाघूम होऊन फोटो काढत सुटलो. मग दोन तास पाहुणे येईनात. म्हटलं, लोक नेहमीप्रमाणे उशिरा येतायत."

शेपटीला हसू आलं आणि तिने ते दाबलं नाही. मामालाही थोडं आलं, पण लगेच गेलं.

"काल तू मला म्हणालीस की बाबा खोटं बोलत नाहीत," तो भिंगरीला म्हणाला. "मी लेन्स पुसत बसलो. उद्या बैठकीत मी सांगेन. माझी चूक आहे, मीच सांगेन. काम जायचं असेल तर जाईल."

ढापण्याने मामाकडे पाहिलं. सुट्टीतल्या सगळ्या आइस्क्रीमपेक्षा त्याला मामा आत्ता जास्त आवडला, पण असलं काही बोलायची त्याला लाज वाटायची, म्हणून त्याने फक्त मामाची बॅग उचलून घेतली.

"पण घड्याळ कुठे आहे?" शेपूट म्हणाली. "ते सापडलं नाही तर लोक म्हणतील, बरं, अकराला नाही तर सव्वानऊला घेतलं."

अगदी खरं होतं ते. तिघंही पुन्हा स्टुडिओत बसली. मामीने मामाचे सगळे फोटो एक तास पन्नास मिनिटं मागे सरकवले आणि रांग सुरळीत झाली. आधी सतरंजी, मग खुर्च्या, मग माणसं. आता रविवार अगदी रविवारसारखा दिसायला लागला. सकाळी सव्वानऊला रखवालदार काच पुसत होते, हातात फडकंसुद्धा दिसत होतं, आणि त्यांच्यामागे कपाटातल्या उघड्या डबीत निळी तबकडी चमकत होती. मुलांनी तिथून पुढे एकेक फोटो बघायला सुरुवात केली.

सापडलं ते पॉलिशवाल्या आजींच्या फोटोंमध्ये. अकरा बेचाळीस. अर्ध्या फोटोत अंगठा, आणि उरलेल्या अर्ध्यात बाजूची खोली. मेळाव्यातले सर्वांत वयोवृद्ध, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आजोबा खुर्चीत बसले होते. कारखान्यात त्यांनीच आपल्या हाताने त्या पहिल्या घड्याळाची जुळणी केली होती. आणि त्यांच्या मनगटावर ते घड्याळ बांधत होते, जिभेचं टोक बाहेर काढून, स्वतः सेक्रेटरीकाका.

पुढच्या फोटोत सेक्रेटरीकाका मंचाकडे धावत होते, कारण कोणीतरी त्यांना माइकवर बोलावलं होतं. एक वाजून चार मिनिटांनी आजोबा बसच्या खिडकीतून सगळ्यांना हात हलवत होते. मनगटावर निळी तबकडी.

"ते घालूनच गेले," भिंगरी म्हणाली आणि खाली बसली.

"आत्ता जाऊन सांगू या सेक्रेटरींना!" शेपूट दाराकडे पळाली.

"थांब," भिंगरी म्हणाली. "आपण सांगितलं तर म्हणतील, पोरांनी फोटोत काहीतरी केलं. सकाळी काय म्हणाले ऐकलंस ना, पोरखेळ. त्यांनाच बघू दे. त्यांच्याच हाताने."

शनिवारी अकरा वाजता सभागृहातल्या लांब टेबलाभोवती सात जण बसले होते. मध्यभागी अध्यक्ष, त्यांच्या उजवीकडे सेक्रेटरीकाका, समोर रिकामी डबी. रखवालदार दाराशी उभे होते. त्यांना बसा असं कोणी म्हटलं नव्हतं. भिंगरी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आधी मामा उठला. बंद घड्याळाकडे बोट दाखवून त्याने सगळं सांगितलं, एक शब्दही गाळला नाही. टेबलाभोवती कुजबुज झाली. आयुष्यभर घड्याळं बनवलेल्या माणसांना ती चूक समजायला वेळ लागला नाही. एकाने तर कपाळावर हात मारून घेतला.

"ठीक आहे," सेक्रेटरीकाका म्हणाले. "सव्वानऊ तर सव्वानऊ. पण वस्तू गेली ती गेलीच ना? डबी मी स्वतः कपाटात ठेवून कुलूप लावलं. मला पक्कं आठवतंय."

"काका, आमचं ॲप दुरुस्त झालंय," ढापण्या नम्रपणे म्हणाला. "तुमची तक्रार होती म्हणून तुम्हीच तपासता का? अकरापासून बघा. तुमचं भाषण पण येईल."

भाषण येईल म्हटल्यावर सेक्रेटरीकाकांनी फोन काढला. "दोनच बटणं," ते म्हणाले. "हे बरं आहे." त्यांनी 'फोटो बघा' दाबलं. सगळे मान लांब करून बघायला लागले. सेक्रेटरीकाका एकेक फोटो पुढे सरकवत होते आणि प्रत्येकाबद्दल काहीतरी बोलत होते. "हा मी. हा पण मी. हे आपले अध्यक्ष, झोपलेत जरा. हा कोणाचा तरी अंगठा. आणि हा..."

त्यांचं बोट थांबलं.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"मी बांधलं," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला एकदा घालायला मिळावं म्हणून मीच बांधलं. मग मला माइकवर बोलावलं. आल्यावर डबी दिसली, ती मिटून आत ठेवली. उघडून बघितलीच नाही, आणि बांधल्याचं साफ विसरून गेलो."

अध्यक्षांनी तिथल्या तिथे आजोबांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"अहो, बरं झालं तुम्हीच केलात," पलीकडून थरथरता, आनंदी आवाज आला. "आभाराचं पत्र लिहायला घेतलंय, पण शब्दच सुचत नाहीत. साठ वर्षांनी माझं घड्याळ मला परत दिलंत. मी ते झोपतानाही काढत नाही."

सेक्रेटरीकाकांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी टेबलाभोवती पाहिलं. कोणीच मान नकारार्थी हलवली नाही.

"तुमच्याच हातावर राहू द्या," अध्यक्ष फोनमध्ये म्हणाले. "पुढच्या मेळाव्याला घालून या म्हणजे झालं."

मग सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. पॉलिशवाल्या आजी खिडकीशी बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "या पोरांचं ॲप चांगलं आहे. ते मला उगाच काही विचारत नाही." अध्यक्षांनी तिघांना पुढे बोलावून पाठ थोपटली. इथून पुढे प्रत्येक मेळाव्याचे फोटो रांगेतच जमतील आणि काढायला मामाच असेल, असंही त्यांनी सांगून टाकलं. मामीने मामाच्या हातात हळूच एक मनगटी घड्याळ ठेवलं. ते चालू होतं.

रखवालदारांना कामावर ठेवण्याचा ठराव अर्ध्या मिनिटात झाला. पण भिंगरीच्या लक्षात आलं की सेक्रेटरीकाका त्या गडबडीत कुठेच नव्हते आणि बाबाही नव्हते. ती मागच्या खोल्यांकडे धावली. तिच्यामागे ढापण्या, त्याच्यामागे अर्थातच शेपूट.

खोलीत भांडी पोत्यात भरलेली होती, गाद्या दोरीने बांधलेल्या होत्या. आई एका बाजूला उभी होती. सेक्रेटरीकाका दारातच उभे राहून बोलायचा प्रयत्न करत होते.

"चूक माझी होती," ते शेवटी म्हणाले. "आणि शिक्षा तुम्हाला देत होतो."

"मी बुधवारी सांगत होतो, साहेब," रखवालदार म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही फोटोच बघत होतात."

सेक्रेटरीकाकांनी मान खाली घातली. मग त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि बांधलेल्या गादीवर बसले.

"आता सांगा," ते म्हणाले. "सकाळपासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

रखवालदारांनी भिंगरीच्या आईकडे पाहिलं. तिने पोत्याचं तोंड सोडलं आणि चहाचं पातेलं बाहेर काढलं. मग ते सेक्रेटरीकाकांच्या समोर जमिनीवर बसले. रविवारी सहा वाजता पहिलं कुलूप उघडलं तिथपासून त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि दाराशी उभ्या असलेल्या भिंगरीला चार दिवसांत पहिल्यांदा खूप भूक लागली.